सागाची मूठ

तुम्हा मुलांना आधी रंधा म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. फळी गुळगुळीत करायला सुतार जे हत्यार तिच्यावरून ढकलत नेतो, तो रंधा. त्याच्या पोटातून पोलादी पातं केसभर बाहेर आलेलं असतं आणि ते लाकडाचे पातळ छिलके काढतं. आमच्या गावच्या सुताराचा रंधा नुसता लाकडी ठोकळा होता, त्याच्या बापाने केलेला. त्याला वेगळी मूठ नव्हती. विलायती रंधा बिडाचा असतो. त्याला मागे उजव्या हातासाठी उभी लाकडी मूठ असते आणि पुढे डाव्या हातासाठी गोल लट्टू. मागच्या मुठीच्या मधोमध वरपासून खालपर्यंत लोखंडी सळई जाते आणि मूठ खालच्या बिडाशी आवळून धरते. मूठ नसली तर ती सळई नुसतीच उभी राहते, टोक वर करून.

ही गोष्ट मी बारा वर्षांची असतानाची आहे. आमचं गाव शहाद्याच्या बाजूला, तापीच्या काठावर. तेव्हा तो मुलूख पश्चिम खानदेशात मोडे. मी नंदुरबारला मामांकडे राहून इंग्रजी दुसरीत, म्हणजे आताच्या सहावीत, शिकत होते. वर्गात मी एकटीच मुलगी. सुट्टी लागली की नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, बैलांची दमणी मला न्यायला येई.

आमच्या पाटलांच्या घरात कर्ते मोठे आबा, नानांचे थोरले भाऊ. जमीन, बैल, सालदार, लग्नं, सगळं त्यांच्या शब्दावर चाले. माझी शाळा त्यांना पसंत नव्हती. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवं साल धरतात. सालदार राहणार की जाणार, कोणाचं काम कोणाकडे, हे त्या सणाला ठरतं. त्या वर्षी आखाजीला माझंही ठरवायचं होतं. जेवताना मोठे आबा नानांना विचारत, "हिले काय टेसनमास्तर करनं शे का?" नाना हसून वेळ मारून नेत. नाना स्वतः मराठी सातवी शिकलेले. इंग्रजी छापील कागद दिसला की ते तो जपून घडी घालून ठेवत, मग ती औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी का असेना.

त्याच सुट्टीत नंदुरबारला एक साहेब विलायतेला परत निघाला आणि त्याच्या सामानाचा लिलाव झाला. नानांनी त्यात एका लाकडी पेटीतला बिडाचा रंधा घेतला. त्यांना ओसरीत टांगायला बंगई करून हवी होती, म्हणजे झोपाळा, आणि त्याची सागाची फळी आरशासारखी व्हावी अशी त्यांची हौस होती. रंधा चांगला होता, पण दोन्ही मुठी वाळवीने पोखरलेल्या. हात लावला की त्यांचा भुगा पडे. पेटीच्या तळाशी घडी घातलेला एक छापील कागद होता.

नानांनी मिस्तरीला बोलावलं. गावात सुताराला मिस्तरीच म्हणत. पन्नाशीचा, काटक, फार कमी बोलणारा माणूस. गावातले सगळे नांगर, पाभरी आणि गाड्या त्याच्या हातच्या. अंगणात निंबाखाली त्याने रंधा मांडीवर घेतला, पोटावरून तळहात फिरवला, पातं काढून उजेडात धरलं. त्याला तो मनापासून आवडला, हे आम्हाला दिसत होतं. मग म्हणाला की मुठी धावड्याच्या करतो. धडगावकडून डोंगरातले लोक बाजाराला लाकूड आणत, त्यातला धावड्याचा एक तुकडा त्याने दोन वर्षं आढ्याला वाळत ठेवला होता. धावडा चिवट. कुऱ्हाडीचा दांडा असो की गाडीचा आस, आमच्याकडे तेच लाकूड. आणि लाकडाची नस, म्हणजे त्याचे धागे, तो तिरपी धरणार होता, हाताचा जोर जसा पडतो तशी.

नाना म्हणाले, थांबा, आधी कागद काय म्हणतो ते पाहू. आणि त्यांनी मला हाक मारली.

निंबाखाली तेव्हा नाना, मिस्तरी आणि बाजेवर बसलेले मोठे आबा. नानांनी कागद माझ्या हातात दिला. मी तो उघडला. अक्षरं सगळी ओळखीची होती. 'आयर्न' कळलं, 'वूड' कळलं, 'हँड' कळलं. बाकी ओळींवर ओळी होत्या आणि मला त्यातलं एक वाक्य लागेना. आम्ही तेव्हा मांजर चटईवर बसल्याचे धडे वाचत होतो. कारखान्याचं इंग्रजी मला कुठून येणार?

मला येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. नानांना वाईट वाटलं असतं, पण ते रागावले नसते. पण समोर मोठे आबा होते आणि आखाजी चार दिवसांवर होती. मी गप्प राहिले तशी ते म्हणाले, "वाच ना मग. का दोन वरीस मामानी नुसती भाकरच खादी?"

आमच्या इंग्रजी पुस्तकात सागावर एक धडा होता. ब्रह्मदेशातलं जंगल, हत्ती ओंडके ओढतायत, सागाची जहाजं होतायत. लाकडाचं तेवढं एकच नाव मला इंग्रजीत येत होतं. मी कागदावर बोट ठेवलं, मोठ्याने एक ओळ इंग्रजीत वाचली आणि म्हणाले, "मूठ सागाची करावी, असं लिहिलंय."

मिस्तरी माझ्याकडे पाहायला लागला. "साग? मूठले साग?"

मी म्हणाले, हो, सागाचीच. जहाजंसुद्धा सागाची करतात.

त्याने थोडा विचार केला. मग अगदी अदबीने, जसा तलाठ्याला विचारे तसा, विचारलं, "आनि नस कशी धरनी, ते लिखेल शे का, माय?"

हे मला कोणी सांगायला लावलं नव्हतं. तेवढं लिहिलेलं नाही, असं म्हणून सुटता आलं असतं. पण तोवर मला चव लागली होती. गावातल्या प्रत्येक गाडीचं चाक ज्याने जोडलं तो माणूस मला विचारत होता. मी दुसऱ्या एका ओळीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "उभी. खालून वर." पहिलं खोटं मी भीतीने बोलले. दुसरं मजेत बोलले. आजवर मला जास्त त्रास दिला तो या दुसऱ्याने.

मिस्तरीने हात धोतराला पुसून कागद मागून घेतला. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने कागद कपाळाला लावला आणि मला परत दिला. म्हणाला, "विलायतना लोकेसले जास्त समजतच असी." नानांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांनी भावाकडे पाहिलं. मोठे आबा बाजेवरून उठले, पायात जोडे घातले आणि जाता जाता म्हणाले, "शिकू दे हिले."

अशी माझी शाळा वाचली.

मूठ करायला मिस्तरीला तीन दिवस लागले. मी रोज त्याच्या छपरीच्या उंबऱ्यावर चिंचा खात बसून ते पाहिलं. बंगईच्या फळीतून निघालेला सागाचा तुकडा त्याने घेतला. वाळवी लागलेल्या मुठीचा आकार कोळशाने त्यावर उतरवला. वाकसाने बाहेरचं लाकूड उडवलं. सळईचं भोक पाडताना त्याची बायको समोर बसून गिरमिटाची दोरी आळीपाळीने ओढत होती आणि तो वरून दाबत होता. अर्धं भोक वरून, अर्धं खालून, आणि मधे दोन्ही बरोबर मिळाली. मग कानस, मग काचेच्या तुकड्याने तासणं, मग जवसाचं तेल. मधे दोनदा त्याने नसेवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी चिंचोका थुंकला आणि दुसरी चिंच सोलायला घेतली. त्या दोन वेळांपैकी एकदा जरी मी तोंड उघडलं असतं, तरी पुढचं टळलं असतं.

पुढचा लट्टू त्याने मोडक्या पाळण्याच्या खांबाचं बोंड कापून तासाभरात बसवला. त्याबद्दल त्याने कोणाला विचारलं नाही.

मूठ दिसायला सुरेख झाली. तेल प्यायल्यावर तिला गुळाच्या पाकाचा रंग आला. नानांनी ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली आणि प्रत्येकाला सांगितलं की मुलीने इंग्रजी कागद वाचला आणि तसं केलं.

आखाजीनंतर दोन दिवसांनी मिस्तरी आमच्या अंगणात बंगईची फळी रंधायला लागला. अर्धी फळी झाली. मी ओसरीत होते. फळीत एक गाठ होती, तिथे रंधा अडला. त्याने अंगाचा भार टाकून जोर केला आणि वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. मूठ सळईच्या रेषेत उभी चिरली. दोन फाका दोन बाजूंना पडल्या, सळई उघडी उभी राहिली आणि सगळा भार घेऊन त्याचा हात तिच्यावर आला. सळई अंगठ्याच्या मुळाशी घुसली.

तो ओरडला नाही. "काही नही, काही नही," म्हणत खाली बसला. पिवळसर छिलक्यांवर रक्त पसरत होतं आणि तो डाव्या हाताने छिलके बाजूला सारत होता, आमचं अंगण खराब व्हायला नको म्हणून. त्याची बायको हळद घेऊन धावत आली. नानांनी दमणी जुंपली आणि त्याला नंदुरबारला दवाखान्यात नेलं.

हात बरा व्हायला पावसाळा निम्मा सरला. जखम भरली, पण अंगठा तळहाताकडे वाकला तो तसाच ताठ राहिला. त्याला वाकस धरता येईना. पटाशी धरता यायची, पण तिच्यावर जोर देता यायचा नाही.

तुम्हाला वाटेल, मला कोणी जाब विचारला असेल. नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं. कागदात होतं तेच सांगितलं, असं म्हणणार होते. ते वापरायची वेळच आली नाही, कारण कागदावर कोणी संशय घेतला नाही. सगळ्यांनी दोष दुसरीकडे शोधला. मोठे आबा म्हणाले, मिस्तरीची नजर गेली आता. बायका म्हणाल्या, अमावास्येला काम धरलं असेल. आणि मिस्तरी स्वतः म्हणाला की साग निवडण्यात आपलीच चूक झाली; विलायतेचा साग वेगळा, आपल्याकडचा तसा नाही, कागदाचं काही चुकलं नाही.

जूनमध्ये मी नंदुरबारला परत गेले. तिसरीत गेले, चौथीत गेले. दरवर्षी आखाजीला घरी आले की कळे, आणखी दोनचार घरांनी आपले नांगर शेजारच्या गावच्या सुताराकडे धरले. आमच्या घराने मिस्तरीला सोडलं नाही, पण त्याच्याकडे द्यायला काम काय, तर बाजेचे पाय, खुंट्या, चुलीपुढचे पाट. बंगईची फळी शहाद्याच्या सुताराने पुरी केली. नाना तिच्यावर बसून मला इंग्रजी वर्तमानपत्र वाचायला लावत. मी वाचत असे, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला मिस्तरीची आठवणही होत नसे. ती सकाळी होई, त्याच्या घरावरून नदीकडे जाताना. म्हणून मी पुढे पुढे लांबच्या वाटेने जायला लागले.

मॅट्रिक पास झाले तेव्हा मी सतरा वर्षांची होते. पुण्याला कॉलेजात जायचं ठरलं. सामान भरताना नानांच्या पेटीत एका धुतलेल्या उपरण्यात गुंडाळलेला तो कागद सापडला. नानांनी तो पाच वर्षं जपला होता. मी उभ्या उभ्या वाचला. आता त्यात कठीण असं काहीच नव्हतं. पातं किती बाहेर ठेवावं, धार कशी लावावी, पावसाळ्यात बिडाला तेल द्यावं. साग नव्हता. नस नव्हती. मुठीबद्दल एकच ओळ होती: मूठ तुटल्यास विक्रेत्याकडून नवी मागवावी.

संध्याकाळच्या आत नानांनी पेढे मागवले आणि पहिला डबा माझ्या हातात दिला. म्हणाले, मिस्तरीला तू स्वतः नेऊन दे, तुझं पहिलं इंग्रजी त्याने ऐकलंय. मी कागद पोलक्यात घातला आणि गेले.

मिस्तरी छपरीत बसला होता. समोर तोच रंधा, मूठ फुटल्यापासून नानांनी त्याच्याकडेच ठेवलेला. इतक्या वर्षांनी त्याने त्याला मूठ करायला घेतली होती. शेतातली काळी माती भिजवून, मळून त्याने तिचा गोळा आपल्या वाकड्या हातात दाबून धरला होता आणि सावलीत वाळू दिला होता. अंगठा जिथे अडे तिथे मातीत खोल खळगा पडला होता. त्या मातीच्या मुठीवरून तो लाकडाची मूठ उतरवत होता. लाकूड धावड्याचं, तोच आढ्यावरचा तुकडा, नस तिरपी. डाव्या हाताने कानस चालवायची त्याला आता सवय झाली होती. ती मूठ दुसऱ्या कोणाच्या हातात बसली नसती. त्याच्या हातात मात्र ती बसत होती.

मी पेढे ठेवले, त्याच्या पाया पडले आणि मग सगळं सांगितलं. कागद बाहेर काढून त्यात काय आहे ते मराठीत करून वाचून दाखवलं. मुठीची ओळही वाचली. तो कानस चालवत राहिला. वाचून झालं तेव्हा थांबला.

"साग लिखेलच नव्हतं?"

"नव्हतं, बाबा."

"नस?"

"तीही नव्हती."

माझी अशी कल्पना होती की तो एकतर रागावेल, नाहीतर पोर होतीस म्हणून सोडून देईल. दोन्हींपैकी काहीही मला चाललं असतं. त्याने मातीची मूठ उचलून बाजूला ठेवली आणि विचारलं, "हाई माले आते कसाले सांगी ऱ्हायनी?"

मी म्हणाले, मला राहवत नव्हतं.

तेव्हा तो जे बोलला ते मी त्याच्या शब्दांत लिहिते. "बारा वरीसनी पोरनं ऐकीसन मी धावडा बाजूले ठेई दिधा. हाई समजनं तं गाव माले हसी."

मला तोवर हे सुचलंच नव्हतं. त्याचा हात गेला, काम गेलं, तरी एक गोष्ट त्याच्याजवळ उरली होती: आपण साहेबाच्या छापील कागदाप्रमाणे वागलो. त्यात कमीपणा नव्हता. ती आज मी काढून घेतली होती, माझ्या जिवाला हलकं वाटावं म्हणून. मला खरोखरच हलकं वाटत होतं आणि तो माझ्यासमोर बसून वाकलेल्या अंगठ्याकडे पाहत होता.

आतून त्याची बायको कोण आलंय म्हणून विचारत होती. त्याने तिला पाटलांची पोर पास झाल्याचं सांगितलं आणि पेढ्यांचा डबा आत सरकवला. मग हळू आवाजात मला म्हणाला, "तुन्हा बापले सांगू नको. तुन्हाकरता नही. मन्हाकरता."

मी कबूल केलं. घरी येताना कागद परत उपरण्यात गुंडाळून ठेवला. नानांना ते सांगायचं धैर्य माझ्यात होतं की नाही, हे मला कधी कळलं नाही, कारण त्याने मला ते अजमावायची गरजच ठेवली नाही. त्याने स्वतःकरता मागितलेलं वचन मलाच सोयीचं होतं आणि देताना मला ते ठाऊक होतं.

पुढे चार वर्षांनी माझं लग्न गावीच झालं. जेवणं झाल्यावर मांडवात नाना व्याह्यांना माझ्या शिक्षणाची हकीकत सांगायला बसले. बिडाचा रंधा, निंबाची सावली, घडीचा कागद, बारा वर्षांची पोर. मी आतल्या बायकांत खाली मान घालून बसले होते, पण शब्द न् शब्द ऐकू येत होता. हे व्याही, म्हणजे माझे सासरे, थट्टेखोर. ते म्हणाले, अहो, मुलीच्या बापाचं सगळंच खरं धरायचं म्हटलं तर पंचाईत. साक्षीदार आहे का कोणी?

नानांनी मांडवाच्या कडेला पाहून हाक मारली. मिस्तरी तिथे गावकऱ्यांच्या पंगतीतून उठून पान खात उभा होता. माझ्या लग्नाचे पाट त्याने वाकड्या हाताने केले होते. तो दोन पावलं पुढे आला.

"वाचं व्हतं," तो म्हणाला. "मी व्हतू ना तठे."

लोक हसले, व्याह्यांनी हात जोडले, नानांनी त्याला बसायला जागा करून दिली. मी वर मान केली नाही. शेजारच्या सासरच्या बायका एकमेकींना म्हणाल्या की शिकलेली असून पोर किती लाजते.